दोन कमानींमधला खांब

१

आसणवाडीच्या पाद्रीसाहेबांनी वेदीवरच्या चांदीच्या प्याल्यावरचं कापड उचललं आणि कापडाखाली काहीच नव्हतं. नाताळच्या आधीचा रविवार होता. देऊळ माणसांनी भरलेलं होतं. प्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वेदीवर ठेवला गेला होता आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता.

मी तेव्हा पौडला फौजदार होतो. साल छप्पन. सोमवारी सकाळी मी आणि जमादार वाल्मीक सायकली हाणत पोहोचलो, तोवर गावानं चोर धरला होता, झोडपला होता आणि देवळासमोरच्या आसाण्याच्या झाडाला बांधून ठेवला होता. पोलिसांनी आता त्याला फक्त घेऊन जायचं, असा एकूण हुकूम दिसला. मला हुकूम सोडणारी माणसं आवडत नाहीत. त्यात ह्या गावाच्या एकमेकांविरुद्धच्या तक्रारी ऐकून माझे कान आधीच किटलेले होते.

बांधलेला माणूस तरुण होता. येसाजी, जातीनं धनगर, धर्मानं ख्रिस्ती. भुवई फुटून रक्त सुकलेलं. मनगटं लोकरीच्या दोरानं मागे आवळलेली.

"दोर कुणाचा?" मी विचारलं.

"माजाच हाय," येसाजी म्हणाला. "मेंढरं बांधायचा. त्योच घावला त्यास्नी."

हैबतराव पुढे आले. गावातल्या कुणबी ख्रिस्ती घराण्यांचे पंच, पांढऱ्या मिशा, आवाजात जरब. "चोर ह्योच हाय. न्या त्याला पौडाला."

"प्याला कुठाय?"

"ते तुमी काढा त्याच्याकडनं. तुमचं कामच हाय ते."

झाडाखाली एक म्हातारी बसली होती, येसाजीची आई, तानूबाई. ती माझ्याकडे बघत थुंकली, पण थुंकी माझ्यापासून जरा लांब पडेल एवढी काळजी घेतली.

"न्या की," ती म्हणाली. "तुमीबी त्यांचंच. ह्याला नेला की उद्या सकाळी देवळातली आमची कमान बुजवणार. मग आमाला ना देऊळ, ना मूठमातीला जागा."

तिनं बोट दाखवलं तिकडे देवळाच्या भिंतीला लागून दगडांचा ढीग होता आणि मळलेला चुना. गावाला न्यायाची घाई नव्हती, पण भिंतीची फार होती.

२

तिथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. असं देऊळ मी दुसरं पाहिलं नाही. सुताराच्या गुण्यासारखं काटकोनात वळलेलं. एक हात दक्षिणेला, दुसरा पूर्वेला, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चौकोनी खोली. त्या खोलीत वेदी.

दक्षिणेचा हात जुना. प्लेगच्या दिवसांत बाप्तिस्मा घेतलेल्या कुणब्यांसाठी मिशननं बांधला. पुढे धरणाच्या पाण्यात खालचं खोरं गेलं आणि तिथले ख्रिस्ती धनगर मेंढरं घेऊन वर आले. कुणबी म्हणाले, आम्ही ह्यांच्याशेजारी बसणार नाही. त्या वेळच्या गोऱ्या पाद्र्यानं त्यांचे कान उपटायचे, तर त्यानं धनगरांसाठी पूर्वेला दुसरा हात बांधून दिला. भांडण मिटवण्याऐवजी ते दगडात बांधून काढलं.

तेव्हापासून जुनी ओळ आणि नवी ओळ. दोघांना वेगळी दारं, वेगळ्या सतरंज्या, पायताणं काढायच्या वेगळ्या जागा. वेदीच्या खोलीत उघडणारी प्रत्येकाची एकेक कमान. दोन कमानींच्या मधे जाडजूड खांब. जुनी भिंत खचेल ह्या भीतीनं सोडलेला. जुन्या ओळीत बसलं की नव्या ओळीतलं गाणं ऐकू येतं, पण एक तोंड दिसत नाही. नव्या ओळीतूनही तसंच. दोन्हीकडची माणसं दिसतात ती फक्त वेदीपाशी उभ्या असलेल्या पाद्र्याला.

मी वेदीची खोली नीट पाहिली. बाहेरच्या भिंतीला गज बसवलेली खिडकी. तिसरं दार नाही. पाद्रीसुद्धा एका रविवारी जुन्या ओळीतून येतो, दुसऱ्या रविवारी नव्या, नाहीतर त्यावरूनही डोकी फुटली असती.

"म्हणजे वेदीपाशी यायला वाटा दोनच," मी वाल्मीकला म्हणालो.

"व्हय साहेब. आणि दोनी वाटंवर माणसं बसलेली."

"झडती घेतली का कुणी?"

वाल्मीक हसला. "कुणब्यांनी धनगरांच्या झोपड्या उलट्यापालट्या केल्या. धनगरांनी कुणब्यांचे गोठे. दगडफेक झाली. कालपासनं दोनी दारांवर दोगांचा पहारा हाय, एकमेकांवर."

"आणि ह्या खोलीची झडती?"

"हितली कशाला घेतील? प्याला पलीकडच्यांच्या घरात हाय, ह्याची दोगांनाबी खात्री हाय की."

३

पाद्रीसाहेब म्हणजे रेव्हरंड शांतवन बोर्डे. नगरकडचे, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. पांढऱ्या झग्याची बाही सारखी ओढत होते. झाडाकडे पाठ करून बसले होते.

"ह्या देवळात नेहमी दोन प्याले होते," ते म्हणाले. "जुन्या ओळीला चांदीचा, नव्या ओळीला पितळेचा. बिशपसाहेब येऊन गेले. म्हणाले, प्रभू एक आणि प्याले दोन, हे यापुढे चालणार नाही. नाताळच्या आत सगळ्यांना एकच प्याला द्या, नाहीतर देऊळ बंद करा. मी तसं सांगितलं दोन्ही ओळींना."

"मग?"

"हैबतराव म्हणाले, प्याला धरणात फेकीन पण त्यांच्या उष्ट्याला तोंड लावणार नाही. येसाजी म्हणाला, आमचे ओठ लागणार नसतील तर तुमचेही लागू देणार नाही."

संशयितांनी आपापले हेतू भर देवळात ओरडून सांगितलेले. अशी गावं फौजदाराचं काम सोपं करतात, असं एखाद्याला वाटेल.

"काल काय झालं ते क्रमानं सांगा."

"मी प्याला जुन्या ओळीच्या कमानीत दाखवला. मग नव्या ओळीच्या कमानीत. तशी मागणीच होती दोघांची, आमच्यासमोर येऊन दाखवा म्हणून. मग झाकून वेदीवर ठेवला. उपदेश झाला. नंतर मूक प्रार्थना. सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटून. मीही वेदीकडे तोंड करून. प्रार्थना संपली, कापड उचललं..." त्यांनी बाही ओढली.

"येसाजीनं घेतला?"

"असं मी म्हणालो नाही."

"त्यानं घेतला नाही, असं म्हणालात?"

पाद्रीसाहेबांनी झग्याची बाही बोटांत गुंडाळली. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

बाहेर पडताना साळूबाई आडवी आली. देवळाची झाडलोट आणि वेदीची कापडं धुणं तिच्याकडे. वेदीच्या खोलीत शिरणारी पाद्र्याशिवाय ती एकटीच, म्हणून गावानं तिच्याकडेही तिरकं बघायला सुरुवात केली होती, आणि ती भडकलेली होती.

"माज्यावर आळ घ्याल तर याद राखा! शनवारी मी तितनं निघाले तवा प्याला पाद्रीबाबांच्या घरी कुलपात व्हता. मी निसती कापडं टाकती. आन त्याचीबी कोण कदर करतंय? कवा खळीचं नाव न्हाई, आन ह्या खेपंला म्हनं खळ घट घाल, नाताळ हाय. घरातलं तांदूळ गेलं माजं पेजंत. वर चोर बी मीच व्हय?"

"तुमच्यावर कुणी आळ घेत नाही," मी म्हणालो.

"घिऊन तर बघा!" ती म्हणाली आणि निघून गेली.

४

हैबतरावांनी मला ओट्यावर बसवलं आणि पाणी मागवलं. मी नको म्हणालो. त्यांच्याकडचं पाणी प्यालो असतो तर धनगरांनी मला एक शब्द सांगितला नसता.

"काल तुम्ही कुठे बसला होतात?"

"माज्या जागी. कमानीच्या अगदी तोंडाशी. माज्या अंगावरनं गेल्याबिगार वेदीकडं कुणाला जाता येत न्हाई."

"प्रार्थनेत डोळे मिटलेले असतील."

"मी डोळं मिटत न्हाई," हैबतराव गुरगुरले. "ती जमात पलीकडं बसल्याली असताना डोळं मिटायला मी खुळा हाय का? आमच्या कमानीतनं कुणी गेलं न्हाई. देवाच्या घरात सांगतोय. मग ऱ्हायली कुटली कमान? त्यांची."

"प्याला शेवटचा कधी पाहिलात?"

"पाद्रीबाबांनी दावला तवा. उघडा, लखलखीत. मग तिकडं नेला त्यांना दावायला, आन मागारी येऊन झाकून ठेवला."

तिथून मी झाडाखाली गेलो. तानूबाईनं मला बसायलाही सांगितलं नाही.

"येसाजी प्रार्थनेतून उठून गेला, असं म्हणतात."

"मेंढी व्यायला झालती. आमच्या दारानं भायेर गेला. वेदीकडं न्हाई. कोकरू हाय बघा तितं, आयशीला लुचतंय. त्याला इचारा."

"तो वेदीकडे गेला नाही, हे तुम्हाला काय ठाऊक? डोळे मिटलेले असतील."

"मी कमानीतच बसती आन डोळं टक्क उघडं ठेवती. पलीकडं ते बसल्यालं, त्यांचा काय भरवसा? आमच्या कमानीतनं माशी गेली न्हाई. मग कुणाच्या कमानीतनं गेलं, ते तुमीच बगा."

तीच भाषा. तोच त्वेष. दोघांना शेजारी बसवलं असतं तर एकमेकांची वाक्यं पुरी केली असती.

"प्याला पाहिलात?" मी उठता उठता विचारलं.

"कुटनं बघणार? आमाला झाकूनच दावला."

मी पुन्हा खाली बसलो. "झाकून?"

"व्हय. वर कापड, खालनं पाद्रीबाबाचा हात. म्हटलं, आमच्या नजरंनंबी बाटतुया वाटतं चांदी."

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगायचं?" तानूबाईनं तुच्छतेनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यात नवं काय हाय?"

५

गावातल्या प्रत्येकाच्या मते दोन ओळींपैकी एक खोटं बोलत होती. कुठली, हे तो कुठे बसतो त्यावर ठरत होतं. त्या दुपारी मी आसणवाडीत तोवर कुणी न केलेली गोष्ट केली. मी दोघांवरही विश्वास ठेवला.

दोघांना एकमेकांबद्दल इतका द्वेष होता, की त्यांनी देवासमोरही डोळे मिटले नव्हते. ह्याहून चोख पहारा कुठे मिळणार? दोघंही खरं बोलत असतील, तर जुन्या कमानीतून कुणी आलं नाही आणि नव्या कमानीतूनही नाही. खिडकीला गज. म्हणजे प्याला घेणारा वेदीपाशी आलाच नाही. तो तिथे होताच.

पण तो तर सगळ्यांसमोर उभा होता. दोन्ही ओळींना दिसत होता. त्यानं घेतला कधी?

मी वाल्मीकला जुन्या ओळीत बसवलं आणि साळूबाईला, तिची बडबड ऐकून घेत, नव्या ओळीत. मग मी जुन्या कमानीपासून नव्या कमानीपर्यंत सावकाश चालत गेलो.

"दिसतोय का?"

"दिसताय!" वाल्मीक ओरडला. मग, "आता न्हाई दिसत!"

"मलाबी न्हाई!" साळूबाई म्हणाली.

मी जाड खांबाच्या मागे उभा होतो. कमानी खोलीपेक्षा अरुंद, त्यामुळे खांबाच्या पाठीशी एक जागा अशी होती, की तिथे उभा असलेला माणूस कुणालाच दिसत नव्हता. आख्ख्या देवळात प्रत्येकावर कुणाचा ना कुणाचा डोळा होता, फक्त ह्या जागेवर नव्हता. खांबाच्या पाठीत एक खोल कोनाडा होता. कोनाड्यात दिव्याच्या तेलाचा डबा.

मी डबा बाजूला सरकवला आणि हात आत घातला.

मग हात पुसला, डबा होता तिथे ठेवला, आणि वाल्मीकला म्हणालो, "घंटा वाजव. सगळ्यांना बोलाव. आपापल्या दारानं."

६

दोन्ही ओळी भरल्या. येसाजीला मी नव्या कमानीपाशी आणून बसवलं. दोर सोडला नाही. ज्यानं बांधला त्यानंच सोडावा, असं माझ्या मनात होतं. पाद्रीसाहेब खिडकीखाली उभे होते. माझ्या हातात वेदीचं तेच कापड आणि साळूबाईचं पितळी फुलपात्र होतं.

जुन्या कमानीत जाऊन मी फुलपात्र वर धरलं. "हे काय आहे?"

"फुलपात्र," हैबतराव म्हणाले. "पोरखेळ कशापायी लावलाय, सायेब?"

मी खांबामागून चालत नव्या कमानीत गेलो. आता फुलपात्रावर कापड होतं. "ह्याच्या खाली काय आहे?"

"फुलपात्र," धनगर म्हणाले.

मी ते झाकलेलं वेदीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरलो. "आता प्रार्थनेला लागा. डोळे मिटा."

एकानंही मिटले नाहीत. पलीकडे कुणी मिटणार नाहीत, ह्याबद्दल दोन्हीकडे एकमत होतं.

"हैबतराव, तानूबाई, पुढे या. दोघंही. वेदीपाशी."

दोघं आपापल्या कमानीत अडखळली. मग आली. त्या खोलीत त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पहिल्यांदाच पाहिलं असावं, आणि त्यात काही आनंद झालेला दिसला नाही.

"कुणी वेदीकडे आलं?"

"न्हाई," दोघं म्हणाली.

मी कापड उचललं. खाली काहीच नव्हतं.

दोन्ही ओळींतून एकदम कल्ला झाला. हैबतरावांचं बोट सवयीनं धनगरांकडे गेलं, "ह्यांनीच...", आणि तिथेच हवेत थांबलं. कारण मी कापड पुन्हा वेदीवर ठेवलं होतं आणि ते उभं राहिलं होतं. तांदळाच्या पेजेनं पत्र्यासारखं ताठ झालेलं कापड, आत प्याला असल्यासारखं फुगून, एकटं उभं.

"पाद्रीबाबा, तुमीच खळ घट घालायला सांगितलंत!" साळूबाई कमानीतून ओरडली. "ह्याच्यापायी माजं तांदूळ!"

"जुन्या ओळीनं प्याला उघडा पाहिला," मी म्हणालो. "नव्या ओळीला झाकून दाखवला. त्या कापडाखाली तेव्हाही नुसती मूठ होती. प्रार्थनेच्या कितीतरी आधी प्याला गेला होता. तुम्ही एकमेकांशी एक शब्द बोलला असता, 'तुम्हाला उघडा दाखवला का हो?' एवढंच विचारलं असतं, तरी मला पौडहून यावं लागलं नसतं."

मी खांबामागे गेलो. तेलाचा डबा काढून खाली ठेवला. कोनाड्यातून आधी साळूबाईचं फुलपात्र काढलं, मग चांदीचा प्याला. त्याला तेलाचे डाग पडले होते.

पाद्रीसाहेब भिंतीला टेकून खाली बसले.

"प्याला नसता तर प्रश्नच मिटला असता," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मागचे उठून उभे राहिले. "एकच प्याला दिला तर जुनी ओळ सोडून जाणार. नाही दिला तर नवी जाणार आणि बिशपसाहेब देऊळ बंद करणार. मला वाटलं, चोरीला गेला म्हणजे कुणीच माझ्यावर रागावणार नाही. बिशपसाहेबही थांबतील. तो मी देवळाबाहेर नेला नाही. पवित्र वस्तू आहे. चोर सापडणारच नाही, असं वाटलं होतं."

"चोर एका तासात सापडला," मी म्हणालो. "बाहेर झाडाला बांधून त्याला मारत होते. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"प्रार्थना," ते म्हणाले.

मला आजही त्या शब्दाचा संताप येतो. प्याला लपवणं हा भित्रेपणा होता आणि भित्रेपणा मी समजू शकतो. पण एक वाक्य बोललं असतं तर एका माणसाची हाडं वाचली असती, आणि ते वाक्य त्यांनी देवाला सांगितलं.

७

"दोर सोडा," मी हैबतरावांना म्हणालो.

"जमादाराला सांगा की."

"तुम्ही बांधलात. तुम्ही सोडा. मारहाणीची फिर्याद मी घेणारच आहे, त्यात हेही लिहीन की सोडायला नकार दिला."

हैबतराव वाकले. लोकरीची गाठ रक्तानं आणि दवानं आवळून बसली होती. ती नखांनी सुटेना. म्हाताऱ्याला येसाजीचं मनगट डाव्या हातात धरून दातांनी गाठ ओढावी लागली. जुनी ओळ कमानीत दाटून ते बघत होती. ज्याच्या उष्ट्याला तोंड लावायचं नव्हतं, त्याच्या रक्तात भिजलेला दोर पंचांच्या तोंडात होता.

दोर सुटला. "झालं न्हवं मोकळं?" हैबतराव तोंड पुसत म्हणाले. "जा आता." माफी मागण्याची त्यांची पद्धत एवढीच असावी, किंवा नसावीही.

येसाजीनं दोराची गुंडाळी केली आणि खांद्यावर टाकली.

तानूबाई वेदीपाशीच उभी होती. तिनं प्याला उचलला, पदरानं तेल पुसलं आणि आत डोकावून पाहिलं. तो उघडा असा ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

"एवढुसाच हाय व्हय?" ती म्हणाली.

तिनं तो वेदीवर ठेवला, पाद्रीसाहेबांकडे न बघता. "चल," ती येसाजीला म्हणाली, "मेंढी एकटी हाय."

येसाजी वळला तो नव्या ओळीकडे नाही. जुन्या कमानीतून, हैबतरावांच्या सतरंजीवरून, कुणब्यांच्या मधून सरळ दक्षिणेच्या दाराकडे चालू लागला. मेंढीकडे जायला जवळचं दार तेच होतं. तानूबाई त्याच्या मागोमाग. त्या वाटेनं कुणी धनगर आजवर गेला नव्हता. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. वाटेत बसलेल्या माणसांनी पाय तेवढे आवरून घेतले; वाट द्यायला, की अंग चोरायला, ते त्यांचं त्यांनाच माहीत.